रेडिएशन : किरणोत्सर्ग, प्रारण की विकिरण?

कंदील : शाळकरी मुलांसाठी विश्वाच्या जन्मावर पुस्तिका करतोय. पेन्झियस आणि विल्सन या अमेरिकी रेडिओ-खगोलज्ञांच्या अँटेनात येणारी ती खरखर, कबुतरांची घाण साफ करूनही न गेलेली. १९६५ साली कळलं की ती आकाशात सगळीकडून येतेय. मी लिहिलं 'वैश्विक पार्श्वभूमी किरणोत्सर्ग'. तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'प्रारण' केलं. हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकलाय का कधी?

मृगशीर्ष : बाईंचं बरोबर आहे. किरणोत्सर्ग म्हणजे युरेनियम-रेडियमच्या अस्थिर अणुकेंद्रातून आपोआप बाहेर पडणारं प्रकरण. तुमची खरखर ही विश्वाच्या जन्माची उरलेली, आता २.७ केल्विन (उणे २७० अंश सेल्सिअस) इतकी निवलेली जुनी ऊब. मुलं थेट चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघाताला पोचतील.

आडवाट : पेपरवाले मोबाइल टॉवरलाही किरणोत्सर्गच म्हणतात. आमच्या सोसायटीत त्यावरून भांडणं झाली, 'प्रारण नको' असा फलक कुणी लावला नाही. रूढ झाला तो शब्द खरा.

शेंगदाणा : 'विकिरण' घ्या की! लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून गॅमा किरण मारतात, त्याला विकिरणच म्हणतात.

आडवाट : हिंदीतून आलाय तो.

शेंगदाणा : कांदाही जातो की हिंदीकडे.

मृगशीर्ष : कांद्याचं उदाहरण उलट माझ्याच बाजूचं. तिथला गॅमा किरण सोडणारा कोबाल्ट-६० किरणोत्सर्गी, कांद्यावर होतं ते विकिरण, आणि कांदा काही किरणोत्सर्गी होत नाही. सरसकट एकच शब्द वापरला तर गिऱ्हाईक पिशवी परत करेल.

अमरकोशी : किरण, विकिरण, प्रकीर्णन ही सगळी 'कॄ' म्हणजे विखुरणे या धातूची भावंडं. प्रारणाबद्दल माझी आपली अटकळ : प्र + अर. अर म्हणजे चाकाचा आरा, आणि रेडिएशन ज्यातून आलं तो लॅटिन 'रेडियस'ही मुळात आराच!

आडवाट : आरा चाकातच राहतो हो. बाहेर आला तर गाडी गेली.

कंदील : बरं, या खरखरीच्या इंग्रजी नावात 'मायक्रोवेव्ह'ही आहे, त्याला 'सूक्ष्मतरंग' चालेल?

मृगशीर्ष : सूक्ष्म कसले? या खरखरीच्या लहरी साधारण एक-दोन मिलिमीटरच्या, हिरव्या प्रकाशाच्या काही हजार पट लांब. रेडिओवाल्यांना त्या बारीक वाटतात, कारण नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीसारख्या ठिकाणी मीटरभराच्या लहरी टिपतात.

शेंगदाणा : जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, त्यातला एखादा टक्का हीच खरखर म्हणे. 'मुंग्या' लिहा, सगळ्यांना कळेल.

कंदील : हसू नका, उद्या छापायला द्यायचंय. मग प्रारण ठेवू?

आडवाट : ते राहू द्या. अल्ट्राव्हायोलेटला आम्ही शाळेत 'जंबुपार किरण' शिकलो, आता पुस्तकात 'अतिनील'. जांभळ्याच्या पलीकडचं ते निळ्याच्या पलीकडचं कधी झालं?

अमरकोशी : जंबुपार! काय देखणा शब्द घालवला.

मृगशीर्ष : मग इन्फ्रारेडलाही 'अवरक्त' नको, तांबड्याअलीकडचं काहीतरी शोधा.

शेंगदाणा : जांभळापलीकडे आमच्याकडे करवंद असतं.