मदत हवी आहे: ५० लाख वर्षांनंतरची घूस

मुलांच्या चित्रकथेसाठी मराठवाड्यातली भविष्यातली घूस रचतोय. माणूस नाही, म्हणजे ज्वारीही नाही. पाऊसमान आजचंच, घुबड-धामण-मुंगूस आहेतच. पंख, शिंगं नकोत.

पूर्व आफ्रिकेतला केसविरहित मोल रॅट नमुना म्हणून घेऊन पाहिला: कायम जमिनीखाली, कंद खाऊन, एका राणीभोवती वसाहत. पण तिथली जमीन कोरडी, कडक. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगून भेगा मिटतात, बिळात पाणी. तिथे आंधळी, कायम भूमिगत घूस मला तरी पटत नाही. मुरमाड टेकाडावर हलवता येईल, पण मग काळ्या रानाची गंमतच गेली.

शेतात बिळं खणून पाहिलेल्यांनी किंवा प्राणीशास्त्रवाल्यांनी सांगावं: भर पावसात आजची घूस त्याच बिळात उंच कप्पा करून राहते, की बांधावर जागा बदलते?