१९२२ च्या उत्खननाची काल्पनिक डायरी: खरी कशी वाटेल?

शाईचा_डाग: एका काल्पनिक पुरातत्त्वज्ञाची प्रवास-डायरी लिहितोय. मोहेंजोदडो, १९२२ चा हिवाळा. पहिली नोंद: 'आज पाच हजार वर्षं जुन्या नगरीत पाऊल ठेवलं. विटांमधून एक हरवलेली संस्कृती माझ्याशी बोलू लागली.' मित्र म्हणतो, छान आहे, पण खोटं वाटतं. बिघडतंय कुठे?

खापरवेडी: 'पाच हजार'मध्ये. हे तुमच्या माणसाला सांगितलं कुणी? राखालदास बॅनर्जी तिथे खणायला लागले तेव्हा समोर होता टेकाडावरचा बौद्ध स्तूप. हडप्प्याला दयाराम साहनींनी आदल्याच वर्षी काम सुरू केलेलं. दोन्हीकडच्या मुद्रा (कोरीव शिक्के) एकाच जातीच्या, हे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी जगाला सांगितलं सप्टेंबर १९२४ मध्ये. आपल्याकडेही अशा मुद्रा निघाल्यात असं मेसोपोटेमियाच्या अभ्यासकांनी कळवलं, तेव्हा कुठे तिथल्यावरून इथल्या काळाचा अंदाज आला. वस्तूचं वय काढायची कार्बन-१४ ची पद्धत तर १९४९ ची.

म्हणजे माणूस स्तूपासाठी आलाय आणि हाताला भलतंच लागतंय. सगळी गंमत यातच, आणि तुम्ही ती पहिल्या ओळीत उधळलीत! त्याला मुद्रेवरचा एकशिंगी प्राणी रेखाटू द्या, त्यावरून चुकीचा तर्क करू द्या. पुढच्या पानावर तो तर्क खोडायला जाऊ नका.

'संस्कृती बोलू लागली' सरळ कापा. दिवसभर उन्हात उभा राहिलेला माणूस रात्री कंदिलापाशी लिहितो ते वेगळंच: भिंत कुठल्या दिशेला गेली, किती खोलीवर काय निघालं, कुणाची मजुरी द्यायची राहिली. विटेची मापं लिहा. जाडी, रुंदी, लांबी यांचं १:२:४ हे प्रमाण वाचकालाच सापडू दे. विटांवर फुलणारं मीठ विसरू नका, ते विटा खातं.

उंबरठा: इतकं काटेकोर लिहिलं तर वाचणार कोण? थोडं नाट्य हवंच.

खापरवेडी: हवंच की. हातातली वस्तू कशाची हे त्याला कळत नाही आणि आपल्याला कळतं, याहून जास्त नाट्य कुठून आणणार?

शाईचा_डाग: पटलं. नर्तकीची कांस्यमूर्ती तरी ठेवू का? शेवटचा प्रसंग तिच्यावरच बेतलाय.

खापरवेडी: ती १९२६ ची. डायरी चार वर्षं लांबवा, नाहीतर प्रसंग बदला. आणि चौकोनी खड्डे, मधे राखलेले मातीचे बांध असलं काही लिहिलं असेल तर तेही काढा. उत्खननाची ती शिस्त मॉर्टिमर व्हीलरची, ते पुरातत्त्व खात्याचे प्रमुख म्हणून आले १९४४ ला.