डोळ्याची बाहुली बारीक म्हणजे अफूच असं नाही

बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या की अफू-हेरॉईनचा ओव्हरडोस समजायचा असं बरेचदा म्हटलं जातं, त्यात थोडी भर घालतो. इथे इंदूरला हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत असताना पावसाळ्यात एक पोरगा आणला, सोबतचे म्हणे नशा केलीय, मंदसौर-नीमचची अफू जवळच म्हणून आम्हालाही पटलं, पण शर्ट घामाने चिंब, तोंडाला फेस, पँट ओली आणि जवळ गेलं की लसूण-रॉकेलसारखा भपका. सोयाबीनवर फवारायचं औषध निघालं! ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक. बाहुल्या दोन्हींत बारीकच, पण अफूवाला कोरडा असतो, श्वास एकदम मंद, नॅलोक्सोन (अफूवरचा उतारा) दिलं की बरेचदा दोन-तीन मिनिटांत सुधारतो. कीटकनाशकवाल्याची छाती खरखरते, नाडी बहुधा मंद, दंडाचे स्नायू कातडीखाली फडफडतात. त्याला उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन, दर ५ मिनिटांनी डोस डबल, छाती कोरडी होईपर्यंत, बाहुलीकडे बघून थांबू नये. आणि कपडे आधी काढा हो, ग्लव्हज घालून, अंग धुवा, नाहीतर कातडीतून विष जातच राहतं. नातेवाईकांना बाटली आणायला पिटाळायचं, तोंडी सांगण्यावर माझा तरी भरवसा नाही, आमच्याकडे सगळ्यालाच 'दवाई' म्हणतात.