सॅक्सनबर्गचा फलक आणि रोब्लिंग घराणं

अ-२०३: पेनसिल्व्हेनियातल्या सॅक्सनबर्ग गावी जॉन रोब्लिंगच्या नावाचा सरकारी फलक आहे म्हणे, ब्रुकलिनचा झुलता पूल आखणारे तेच. ब्रुकलिनचा पूल न्यूयॉर्कला, मग फलक त्या खेड्यात का?

क-७०१: कारण गावच त्यांनी वसवलं. जॉन आणि भाऊ कार्ल जर्मनीहून आले आणि १८३२ ला सॅक्सनबर्ग वसवलं. तेव्हा अलेघेनी पोर्टेज रेल्वेवर डोंगराच्या चढावरून डबे ओढायला हेम्पचे (तागासारख्या वनस्पतीच्या धाग्यांचे) जाड दोर असत. ते झिजून तुटायचे. जॉननी १८४१ मध्ये त्याऐवजी लोखंडी तारांचा दोर वळला, तो सॅक्सनबर्गलाच. १८४९ ला कारखाना न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला गेला. थोरला मुलगा वॉशिंग्टन १८३७ चा, जन्म याच गावचा.

ब-१०४: दोर वळायला लांब मोकळी जागा लागते. आधी तारांचे पेड, मग पेडांचा दोर. सगळ्या तारांवर ताण सारखा हवा. एक सैल राहिली की तिच्या वाट्याचा भार शेजारणीवर जातो, आणि मग एकेक तुटत जाते.

अ-४०२: म्हणजे पुलाच्या मुख्य केबलही अशाच वळलेल्या?

ब-१०४: नाही, इथेच सगळे गोंधळतात. वळलेला दोर कप्पीवरून वाकतो म्हणून ओढायला उत्तम. पण भार आला की पीळ आवळतो, दोर लांबतो. पुलाला ते चालत नाही. तिथे तारा समांतर ठेवतात, जागेवरच, चाकाने या काठाहून त्या काठाला नेत. प्रत्येक तारेचा झोळ आधी लावलेल्या मार्गदर्शक तारेशी जुळवायचा. उन्हात तार लांबते, त्यामुळे भर दुपारी जुळवलेला झोळ फसवतो. शेवटी सगळा जुडगा दाबून वरून मऊ तार गुंडाळायची, म्हणजे पाणी आत शिरत नाही.

क-७०१: ब्रुकलिनला ४ केबल, प्रत्येकीत १९ पेड, पेडात २७८ तारा. पोलादी आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या. मधला गाळा, म्हणजे दोन बुरुजांमधलं अंतर, १,५९५ फूट ६ इंच.

ब-१०४: काका, तारांचा हा आकडा मूळ आराखड्याचा. १८७८ ला उघड झालं की तारेचा ठेकेदार तपासणीत पास झालेली भेंडोळी वाटेत बदलून नापास माल पुलावर पाठवतोय. चांगला माल परत तपासणीला! लावलेली तार काढणं अशक्य होतं. वॉशिंग्टननी हिशोब केला: आराखड्यात ताकद गरजेच्या सहापट धरलेली, ती पाचपटीवर येत होती. मग प्रत्येक केबलमध्ये सुमारे १५० तारा जादा घातल्या आणि काम पुढे नेलं.

अ-२०३: जॉन तेव्हा नव्हते ना?

क-७०१: ते १८६९ मध्येच गेले. पाहणी करताना फेरीबोट आणि धक्क्याच्या मध्ये पाय चिरडला, धनुर्वात झाला. मग सूत्रं वॉशिंग्टनकडे. पायासाठी उपडी लाकडी पेटी नदीत बसवून आत दाबाची हवा भरायची आणि माणसांनी तळ खणायचा. बाहेर येताना दाब झपाट्याने उतरला की रक्तात विरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. वॉशिंग्टन त्यानेच अंथरुणाला खिळले. न्यूयॉर्ककडची पेटी ७८.५ फुटांवर थांबवली. खाली खडक होता, पण तिथवर जाताना आणखी माणसं गेली असती. बुरूज वाळूवरच उभा आहे.

ड-५०३: वॉशिंग्टनच्या बायकोचं, एमिलीबाईंचं नाव कुणीच घेतलं नाही अजून! गणित, पदार्थांची ताकद, केबलचा वक्र, सगळं शिकून घेतलं त्यांनी. नवऱ्याच्या सूचना साइटवर पोचवणं, ठेकेदारांना उत्तरं देणं, २४ मे १८८३ ला पूल खुला होईपर्यंत. घराण्याचा मान द्यायचा तर तिघांना द्या. नाहीतर फलकावर बाप, पुस्तकात मुलगा, आणि सून तळटीपेत.

क-७०१: ताई, बरोबर.

अ-४०२: जॉननी बांधलेलं जुनं काही अजून उभं आहे?

ब-१०४: पेनसिल्व्हेनियातल्या लॅकवॅक्सनचा, डेलावेअर नदीवरचा जलसेतू, १८४८ मध्ये पूर्ण झालेला. त्यावरून आधी कालवा जायचा, आता मोटारी जातात. चार गाळे, ५३५ फूट, मुख्य केबल मूळच्याच, घडीव लोखंडाच्या. फलक बघायला जाणाऱ्यांनी तो आधी बघावा. तिथे केबल हाताच्या अंतरावर आहेत, गुंडाळणीही नीट दिसते.