नेमिंग थेरपीआधी आणि नंतर एफएमआरआय: १.५ टेस्लावर कितपत जमेल?

वाचा_सोलापूर

नमस्कार. डाव्या मिडल सेरेब्रल आर्टरीच्या (मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पुरवणारी मोठी धमनी) स्ट्रोकला सहा महिने उलटलेल्या, बोलताना शब्द न सापडणाऱ्या पेशंटसाठी सहा आठवड्यांची नेमिंग थेरपी (वस्तूंची नावं सांगण्याचा सराव) आखतोय. आठवड्याला तीन तास म्हणजे एकूण १८ तास, वर घरचा सराव. बार्शी, मोहोळ, अक्कलकोटहून रोज येणं लोकांना परवडत नाही, त्यामुळे याहून दाट वेळापत्रक शक्य नाही. पद्धत सिमँटिक फीचर अ‍ॅनालिसिस, म्हणजे वस्तूच्या अर्थाच्या अंगांवरून शब्दापर्यंत पोचणं: मध्ये चित्र, भोवती गट, उपयोग, क्रिया, गुण, ठिकाण आणि संबंध असे सहा चौकोन.

थेरपीआधी आणि नंतर एफएमआरआय (काम करताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो हे रक्तप्रवाहावरून दाखवणारा एमआरआय) करायचा विचार आहे, मशीन १.५ टेस्लाचं आहे (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप). स्कॅनमध्ये चित्र दाखवून मोठ्यानं नाव सांगायला लावलं तर डोकं हलून स्कॅन वाया जाईल का? की मनातल्या मनात नाव घ्यायला सांगावं? आणि बऱ्याच पेशंटच्या घरात तेलुगू किंवा कन्नड बोलतात, तर चित्रांची नावं कोणत्या भाषेत घ्यायची?

चुंबक_कक्ष

मनातल्या मनात अजिबात नको. पेशंटला शब्द बरोबर सापडला, चुकीचा सापडला की सापडलाच नाही हे कळायला मार्गच उरत नाही, आणि तुम्हाला तर नेमकं तेच मोजायचंय. मोठ्यानंच बोलू द्या, फक्त बोलणं आणि स्कॅनिंग एका वेळी होऊ देऊ नका.

मेंदूच्या कामामागून येणारा रक्तप्रवाहाचा प्रतिसाद ५-६ सेकंदांनी शिखराला पोचतो. या उशिराचाच फायदा घ्यायचा. टीआर (एका स्कॅनच्या सुरुवातीपासून पुढच्या स्कॅनच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ) १० सेकंद ठेवा, त्यातल्या शेवटच्या २ सेकंदांतच पूर्ण मेंदूचा एक खंड (एक पूर्ण चित्र) घ्या. आधीचे ८ सेकंद मशीन गप्प. गप्प काळ सुरू झाला की चित्र दाखवायचं, पेशंट त्यातच उत्तर देतो, आणि मशीनचा आवाज सुरू होईपर्यंत जबडा थांबलेला असतो. निरोगी माणसासाठी ८ सेकंदांचा टीआर पुरतो, पण अफेजियात (मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडणं) उत्तर ४-५ सेकंदांनी येणं नेहमीचंच, म्हणून १०.

तोटा असा की खंड कमी मिळतात. १२० चित्रं म्हणजे २० मिनिटं. त्याचे १० मिनिटांचे दोन भाग करा, मध्ये पेशंटशी बोला, पण टेबल बाहेर काढू नका. तयारी, टी१ आणि फ्लेअर (मेंदूची रचना आणि जखम दाखवणारे साधे एमआरआय) धरून सगळं ४५ मिनिटांत उरकायला हवं. त्यापुढे पेशंट थकतो आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लागतो.

१.५ टेस्लावर टीई (सिग्नल टिपण्याआधी थांबायचा वेळ) ४० ते ५० मिलिसेकंद आणि व्हॉक्सेल (चित्राचा सर्वांत लहान ठोकळा) साधारण ३.५ मिमी ठेवा. ३ टेस्लाचा ३० चा टीई तसाच उचलून आणू नका. टेम्पोरल लोबचा पुढचा-खालचा भाग हवेच्या पोकळ्यांजवळ असल्यानं तिथला सिग्नल गळतो. तिथं काही दिसलं नाही म्हणजे तिथं काही घडत नाही, असं समजू नका. फील्ड मॅप (चुंबकीय क्षेत्र कुठं असमान आहे याचा नकाशा) घेतलात तर चित्राचा वाकडेपणा सुधारतो, पण गळालेला सिग्नल परत येत नाही.

उत्तरं रेकॉर्ड करायला ऑप्टिकल मायक्रोफोन नसेल तर कन्सोलच्या इंटरकॉम स्पीकरजवळ रेकॉर्डर ठेवा. गप्प काळात हेलियम पंपाची टकटक तेवढी येते, बोलणं कळतं. इंटरकॉम ऐन स्कॅनच्या वेळी म्यूट होतो का, हे आधी स्वतः आत झोपून तपासा.

आणखी एक. डाव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये उजव्या बाजूचं दृष्टिक्षेत्र गेलेलं असू शकतं. मग पडद्याच्या मधोमध ठेवलेल्या चित्राचा उजवा अर्धा भाग पेशंटला दिसतच नाही. चित्र लहान करून डावीकडे सरकवा, नाहीतर न दिसणं हे शब्द न सापडणं म्हणून मोजलं जाईल.

शब्दसूची

स्कॅनआधी यादी नीट करा, कारण चुकीची यादी घेऊन केलेला स्कॅन नंतर कोणतंही सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही. बोस्टन नेमिंग टेस्ट या अमेरिकन नाव-सांगण्याच्या चाचणीची ६० चित्रं तशीच वापरू नका. इग्लू (बर्फाचं घर) आणि प्रेट्झेल (पाश्चात्त्य खारा पाव) आपल्याकडच्या माणसाला स्ट्रोकच्या आधीही सांगता आले नसते. चादर, माग, भाकरी, उखळ, बैलगाडी अशी स्वतःची साधारण २०० चित्रं जमवा आणि त्याच वयाच्या, तितक्याच शिकलेल्या निरोगी लोकांकडून नावं घ्या. ज्या चित्राला तीन-तीन नावं येतात ते काढून टाका.

मग थेरपीआधी तीन वेगवेगळ्या दिवशी पूर्ण यादी विचारा. तीनपैकी किमान दोनदा चुकलेल्या चित्रांतून ३० शिकवायची आणि ३० न शिकवायची निवडा. शब्दाचा वापर किती आणि अक्षरं किती, यात दोन्ही गट जुळलेले हवेत. तीनही वेळा बरोबर आलेली ३० घ्या. वरच्या १२० चा हिशोब इथं बसतो: उरलेली ३० म्हणजे तुकडे करून विस्कटलेली चित्रं, ती दिसली की पेशंटनं ठरलेला एकच शब्द म्हणायचा. त्यामुळे नुसतं बघणं आणि तोंड हलवणं यांचा सिग्नल नाव शोधण्याच्या सिग्नलमधून वजा करता येतो. न शिकवलेले शब्द ठेवले नाहीत तर आलेला फरक थेरपीचा की नुसत्या सरावाचा, हे सांगता येणार नाही.

भाषेबद्दल: सोलापूरच्या पूर्वभागात पद्मशाली (तेलुगू भाषक विणकर समाज) घरातला माणूस घरी तेलुगू, कारखान्यात मराठी आणि बाजारात दख्खनीही बोलतो. प्रत्येकाचा भाषेचा इतिहास घ्या (कोणत्या वयात, कुठं, कुणाशी, वाचता येतं का) आणि थेरपी व स्कॅन दोन्ही त्या माणसाच्या एकाच भाषेत ठेवा. दुसऱ्या भाषेतलं बरोबर उत्तर चूक धरू नका, वेगळ्या रकान्यात लिहा. कुत्रा आणि कुक्का (तेलुगूत कुत्रा) अशा जवळच्या जोड्या तेलुगू पेशंटच्या यादीतून वगळा, तिथं अर्धवट उत्तर कोणत्या भाषेतलं हे ठरवता येत नाही.

मेंदू_नकाशा

वर सांगितलेलं सगळं पाळलंत तरी निकाल वाचताना गफलत होते. स्ट्रोकनंतर जखमेभोवतीच्या भागात रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद उशिरा आणि कमी येतो, कॅरॉटिड (मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी) अरुंद असेल तर जास्तच. चेतापेशी काम करत असतात आणि नकाशा मात्र कोरा दिसतो. म्हणून श्वास रोखण्याची छोटी चाचणी जोडा: १५ सेकंद रोखायचा, ३० सेकंद साधा, असं पाच-सहा वेळा. सूचना शब्दांत नको, रंगीत खुणेनं द्या आणि बाहेर सराव करून घ्या. हृदय-फुप्फुसाचा त्रास असेल तर ही चाचणी सोडा. चहा दोन्ही वेळा सारखाच, किंवा दोन्ही वेळा नाही. कॅफिननं मेंदूतला रक्तप्रवाह घटतो.

जखमेची सीमा टी१ आणि फ्लेअर शेजारी ठेवून हातानं काढा आणि पेशंटचा मेंदू सॉफ्टवेअरमधल्या प्रमाण मेंदूच्या साच्यावर बसवताना तो भाग झाका. नाहीतर सॉफ्टवेअर पोकळी बुजवायला शेजारचा भाग ओढून नेतं.

थेरपीनंतर बरोबर उत्तरं वाढणार, आणि त्यानंच नकाशा बदलणार. म्हणून विश्लेषणात बरोबर, चूक आणि निरुत्तर वेगळे मॉडेल करा, उत्तराला लागलेला वेळही घाला. उजवी बाजू उजळली की चांगलं किंवा वाईट, असा सरळ निष्कर्ष निघत नाही. सौर आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या कामात १४ पेशंटमध्ये उजवीकडचा सहभाग सुमारे १२ व्या दिवशी वाढला आणि जुनाट टप्प्यात (स्ट्रोकला बरेच महिने उलटल्यावर) भर पुन्हा डावीकडे सरकला. फ्रिड्रिक्सन यांनी २०१० मध्ये २६ जुनाट पेशंटमध्ये सुधारणा डाव्या मेंदूतल्या शाबूत भागांच्या वाढलेल्या कामाशी जोडली. तुमचे पेशंट दुसऱ्या गटात मोडतात.

वाचा_सोलापूर

खूप उपयोगी. थेरपीआधी एकच स्कॅन पुरेल का? आणि नातेवाईक "फोटोत किती सुधारलं ते दाखवा" म्हणतात, त्यांना काय द्यायचं?

मेंदू_नकाशा

एक पुरत नाही. थेरपीआधी आठवड्याच्या अंतरानं दोन घ्या. काही न करता त्या दोघांत जो फरक दिसतो, त्याहून मोठा बदल नंतर दिसला तरच तो मोजायचा. पैशांमुळे दोन परवडत नसतील तर पेशंट कमी करा, स्कॅन नाही. नातेवाइकांना रंगीत नकाशा देऊ नका. शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या शब्दांचा आठवड्यागणिक आलेख द्या.