मदत हवी आहे: रात्रपाळीहून येऊन झोपलो की अंग जखडतं, आणि घरचे आता संमोहनाला न्यायचं म्हणतात

पाळीवाला

नमस्कार. मी एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये शिफ्ट केमिस्ट आहे, वय ३१. जरा लांबण लावतोय, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं मांडतो.

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या तीन पाळ्या असतात. पहाटे चार ते बारा, बारा ते रात्री आठ, आणि आठ ते पहाटे चार. दर आठवड्याला पाळी बदलते. आठ-चार करून सुटलो की साडेचारला क्वार्टरवर येतो, हातपाय धुतो आणि पाचपर्यंत अंथरुणावर पडतो. जे होतं ते त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत.

डोळे उघडे असतात. पंखा दिसतो, खिडकीतून येणारा यार्डातल्या दिव्याचा पट्टा दिसतो, उसाच्या ट्रॅक्टरचे आवाज येतात. पण बोटसुद्धा हलत नाही. हाक मारायला जावं तर घशातून नुसती हवा. मग दाराशी कुणीतरी उभं आहे अशी खात्री पटते. दिसण्याआधी खात्री पटते. हे नीट सांगता येत नाही, पण दर वेळी क्रम तोच असतो. मग ते जवळ येतं आणि छातीवर भार पडतो, श्वास पुरत नाही. बायको म्हणते मिनिटभरसुद्धा होत नसेल. मला ते फार मोठं वाटतं.

डिसेंबरातल्या एका पहाटेचं सांगतो. बायको स्वयंपाकघरात होती. तिच्या हातून कुकरचं झाकण पडलं आणि ती "अगं बाई" म्हणाली, ते मी ऐकलं. नंतर विचारलं तर म्हणाली, "हो, पडलं होतं की. तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर झोपला होतात." म्हणजे मी जागा होतो. पण त्याच क्षणी माझ्या छातीवर एक म्हातारी बसलेली मी पाहिली, आणि ती तिथे नव्हती. कुकरचं झाकण खरं आणि म्हातारी खोटी, हे मी कशावरून ठरवायचं? दोन्ही मला सारखीच स्पष्ट होती. माझं कामच मोजमापाचं आहे. ब्रिक्सचं, म्हणजे रसातल्या साखरेच्या प्रमाणाचं, रीडिंग पटलं नाही तर परत नमुना घेतो. इथे दुसरा नमुना घ्यायची सोय नाही, आणि मला खरंच भीती बसली आहे. हल्ली पाच वाजून गेले तरी मी अंगणात खुर्ची टाकून बसून राहतो.

मागच्या हंगामात तीन-चारदा झालं होतं. यंदा नोव्हेंबरपासून ११ वेळा. हंगाम बंद असताना एकदाही नाही.

आई गावाहून आली तेव्हा तिने एकदा मला त्या अवस्थेत पाहिलं. तिचं म्हणणं, लागीर झालंय. देवऋष्याकडे नेलं. त्याने सांगितलं की या क्वार्टरमध्ये पूर्वी कुणी तरी गेलंय, उतारा टाका. टाकला. आठ दिवस काही झालं नाही, आईचा विश्वास पक्का झाला. नवव्या दिवशी पुन्हा झालं. आता मेव्हण्यांच्या ओळखीचे एक संमोहन करणारे गृहस्थ म्हणतात की तीन बैठकांत मागच्या जन्मातलं मूळ शोधून काढू, एका बैठकीचे तीन हजार. घरात सगळ्यांना ते पटलंय. मी नाही म्हटलं की, "मग तू सांग हे काय आहे ते." मला सांगता येत नाही.

हे वेडाचं लक्षण आहे का? संमोहनाने बरं होतं का? आणि पाळीत काम करणाऱ्या आणखी कुणाला असं होतं का? कृपया कळवा.

वॉर्डसिस्टर

दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. होतं. मी १४ वर्षं स्टाफ नर्स आहे. सलग नाइट ड्यूटी लागली की मला होतं, आमच्या हॉस्टेलमध्ये आणखी दोघींना व्हायचं. मला म्हातारी नाही दिसत, मला पलंगाशेजारी पेशंट उभा दिसतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी नोकरी सोडायला निघाले होते.

माझ्या कामी आलेल्या दोन गोष्टी सांगते. उताणं झोपू नका, कुशीवर झोपा आणि पाठीशी उशी लावा. आणि जखडल्यावर उठायची धडपड करू नका. सगळं शरीर एकदम हलवायला गेलं की भीती वाढते. सगळं लक्ष पायाच्या अंगठ्यावर न्या, तेवढाच हलवायचा. तो हलला की बाकीचं सुटतं. बायकोला सांगून ठेवा की डोळे अर्धवट उघडे आणि श्वास भरभर दिसला तर खांद्याला हात लावून हाक मारायची. बाहेरून कुणी स्पर्श केला की बहुतेक वेळा लगेच सुटका होते.

निद्रापाठ

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथे निदान करणार नाही, पण तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की माहिती तरी द्यायलाच हवी.

याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, मराठीत निद्रा-पक्षाघात. नावाला घाबरू नका, लकव्याशी याचा संबंध नाही. वेडाशीही नाही. २०११ साली अनेक अभ्यासांची बेरीज करून काढलेला आकडा असा आहे की सर्वसाधारण लोकांपैकी ७.६ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. विद्यार्थ्यांमध्ये तर २८ टक्क्यांच्या वर, कारण त्यांची झोप मोडकी असते. तुमची त्याहून मोडकी आहे.

आता "जागा की झोपेत" हा प्रश्न. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवलं की झोपेत ठरावीक काळाने डोळे पापण्यांआड भराभर फिरतात, आणि तेव्हा उठवलं तर माणूस स्वप्न सांगतो. ही रेम झोप. १९५९ च्या सुमारास फ्रान्समध्ये लिआँला मिशेल झुवे यांनी मांजरांवर काम करताना पाहिलं की या काळात मेंदू जागेपणासारखा चालतो आणि मानेचे स्नायू मात्र पार ढिले पडतात. मेंदूचा देठ हातापायांच्या स्नायूंना जाणारा हुकूम तेवढ्यापुरता तोडतो, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरोखर पळू. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल तेवढे चालू राहतात. म्हणून तुम्हाला पंखा दिसतो, आणि म्हणूनच तुम्ही गुदमरून जाणार नाही. बरगड्यांमधले स्नायू मात्र ढिले असतात, त्यामुळे मुद्दाम खोल श्वास घ्यायला गेलं की तो येत नाही. तुम्हाला वाटतो तो भार हाच.

तर तुम्ही जागे आहात आणि झोपेतही आहात. भान परत आलंय, स्नायूंवरचा बंद उठलेला नाही, आणि स्वप्न थांबलेलं नाही. जागेपणा ही एकच कळ असावी आणि ती चालू किंवा बंद असावी अशी आपली समजूत असते. तसं नाही, तिचे भाग वेगवेगळ्या वेळी चालू होतात. कुकरचं झाकण कानांनी आणलं, म्हातारी स्वप्नाने आणली, आणि दोन्ही एकाच पडद्यावर दिसली.

"दिसण्याआधी खात्री पटते" हे तुम्ही लिहिलंत ते वाचून मी थांबलो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले अ‍ॅलन चेन यांनी असे अनुभव मोठ्या संख्येने गोळा केले. त्यांत हीच चाल दिसते. धोका ओळखणारी मेंदूची यंत्रणा आधी वाजते, मग मेंदू तिच्यासाठी कुणीतरी उभं करतो. कॅनडातल्याच न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांत छातीवर बसणारी म्हातारीच असते, तिला तिथे त्याच अर्थाचं नाव आहे. जपानात याला कानाशिबारी म्हणतात, म्हणजे धातूने जखडल्यासारखं बांधलं जाणं. तुमच्या क्वार्टरमध्ये कोण वारलं याचा त्या कोळ्यांशी काय संबंध?

आणि पहाटे पाचलाच का? रेम झोपेचा जोर शरीराच्या घड्याळाप्रमाणे पहाटे सर्वांत जास्त असतो. रात्री दहाला झोपणारा माणूस साधारण तासा-दीड तासाने रेममध्ये जातो. तुम्ही थकून, झोपेची थकबाकी घेऊन, नेमके त्या भरतीच्या वेळी आडवे होता आणि मेंदू जवळजवळ थेट तिथेच उडी घेतो. भान पूर्ण मावळायच्या आत.

संमोहनाबद्दल. जेम्स ब्रेड या मँचेस्टरच्या सर्जनने १८४३ च्या पुस्तकात ग्रीक भाषेतल्या निद्रादेवाच्या नावावरून हे नाव रूढ केलं आणि पुढे स्वतःच ते बदलायचा प्रयत्न केला, कारण ती झोप नव्हेच. मेंदूचा आलेख जागेपणीचाच येतो. ती एकाग्रता आणि सूचना स्वीकारण्याची तयारी आहे, आणि ती माणसागणिक कमी-जास्त असते. प्रशिक्षित डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञाच्या हातात वेदना आणि चिंता कमी करायला तिचा खरा उपयोग आहे. भूल देणारा ईथर यायच्या आधी, १८४५ मध्ये, बंगालात हुगळीला जेम्स एस्डेल यांनी तिच्याच आधीच्या रूपाच्या, म्हणजे मेस्मेरिझमच्या, आधारे शस्त्रक्रिया केल्या होत्या. मी या विद्येला नावं ठेवत नाही. पण आठवणी खणायला ती वापरणं धोक्याचं आहे. संमोहनात आठवण जास्त खरी होत नाही, तिच्यावरचा विश्वास तेवढा वाढतो. आधीच कुकर आणि म्हातारी यांतला फरक करताना तुम्ही दमलाय, त्यात कुणी मागच्या जन्मातलं एक मरण आणून ठेवलं तर ते कुठे ठेवाल? नऊ हजार रुपये वाचवा.

तीन गोष्टी मात्र विचारतो. दिवसा, पुरेशी झोप झाल्यावरही, बोलता-जेवताना डुलकी लागते का? खूप हसल्यावर गुडघे किंवा जबडा अचानक ढिला पडतो का? घोरणं आणि घोरता घोरता श्वास थांबणं आहे का? यांतलं एकही "हो" असेल तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा झोपेच्या प्रयोगशाळेकडे जायचं. पहिल्या दोन्हींमागे नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा झोप न आवरण्याचा मेंदूचा विकार, असू शकते, तिसऱ्यामागे स्लीप अ‍ॅप्निया, आणि दोन्हींवर उपचार आहेत. झोपायचीच भीती वाढत चालली असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

कृष्णाकाठ

वरचं सगळं मान्य. पण आईंना एवढ्या जोरात खोडून काढू नका. माझे वडील गुऱ्हाळावर रात्र काढायचे, त्यांना हेच व्हायचं. आजीने सांगितलं होतं, तोंडाने येत नसेल तर मनात नाव घे. ते घ्यायचे आणि सुटायचे. त्यामागे काय असेल ते असो, माणूस घाबरायचा थांबला हे मी पाहिलंय.

निद्रापाठ

कृष्णाकाठ, तुमच्या आजी बरोबरच होत्या. बलंद जलाल या संशोधकांनी निद्रा-पक्षाघातासाठी सुचवलेल्या पद्धतीत चार पायऱ्या आहेत. हे काय आहे ते स्वतःला सांगणं, घाबरण्यासारखं काही नाही हे समजावणं, मग आतल्या एखाद्या प्रिय गोष्टीवर सगळं लक्ष नेणं, आणि स्नायू सैल सोडून न धडपडणं. २०२० मध्ये नार्कोलेप्सीच्या मोजक्या रुग्णांवर ती करून पाहिली, त्यांचे झटके कमी झाले. तिसऱ्या पायरीला नामस्मरण चपखल बसतं. पाळीवाला, दोन-तीन आठवडे वहीत नोंद ठेवाल का? पाळी कुठली, किती तास झोप, कोणत्या कुशीवर, झटका आला की नाही.

पाळीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. वॉर्डसिस्टर, तुमचं "होतं" हे एक वाक्य वाचून मी बायकोला हाक मारून दाखवलं.

तिन्ही प्रश्नांना उत्तर नाही असंच आहे. हसल्यावर काही होत नाही, घोरण्याबद्दल बायकोला विचारलं. डुलकी फक्त आठ-चारच्या आठवड्यात लागते.

वही आजपासून. पण लॅबचं जुनं हजेरीपत्रक काढून मागचे ११ झटके त्यावर मांडून पाहिले. आठ झटके आठ-चारच्या आठवड्यात, बाकीचे तीन झटके चार-बाराच्या आठवड्यात दुपारी झोपलो तेव्हा. बारा-आठच्या आठवड्यात शून्य. आणि उतारा टाकला तो आठवडा बारा-आठचा होता.

हे आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे खोलीत काही नाही ना? नात झोपते तिथं." तिची भीती माझ्या एकट्यासाठी नव्हतीच, हे मला तोवर कळलं नव्हतं. मी नाही म्हटलं. तिने मला विठ्ठलाचं नाव घ्यायला सांगितलं, लहानपणी ताप आला की ती उशाशी बसून घ्यायची तसं. मी हो म्हटलं.

पाळीवाला (तीन आठवड्यांनंतर)

नोंद देतो. तीन आठवड्यांत दोन झटके, दोन्ही आठ-चारमध्ये. पहिल्या वेळी सगळं विसरलो आणि धडपडलो. दुसऱ्या वेळी दाराशी कुणीतरी आहे ही खात्री पटली तेव्हा मनात म्हटलं, ही ती यंत्रणा वाजली. मग आईने सांगितलेलं नाव आणि उजव्या पायाचा अंगठा. म्हातारी आली नाही. भार आला, पण हलका. डोळे पूर्ण उघडल्यावर मी घड्याळ पाहिलं आणि परत कुशीवर झोपलो. अंगणात गेलो नाही.

खिडकीला जाड काळा पडदा लावलाय. आठ-चारच्या आठवड्यात रात्री बारानंतर चहा बंद. मुलीला शाळेत सोडायचं काम त्या आठवड्यापुरतं शेजारच्या वहिनींनी घेतलंय, त्यामुळे सलग सहा तास मिळतात. पूर्वी तीन आणि दोन असे तुकडे पडायचे. संमोहनवाल्या गृहस्थांना मेव्हण्यांनीच नको म्हणून कळवलं.

आता एक नवी मदत हवी आहे. आमच्याकडे पाळी उलटी फिरते: आठ-चार, मग बारा-आठ, मग चार-बारा. दर आठवड्याला झोप आठ तास अलीकडे ओढावी लागते. निद्रापाठ यांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) सांगितलं की १९८२ मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये खनिजांच्या एका कारखान्यात चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी पाळ्यांचा क्रम पुढच्या दिशेने फिरवला, आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलला, आणि कामगारांची तब्येत आणि उत्पादन दोन्ही सुधारलं. शरीराला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. मी टाइम ऑफिसला तोंडी विचारलं. साहेबांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "चालू हंगामात हलवता येणार नाही, पण लेखी द्या."

माझ्या पाळीतल्या आणखी चौघांना विचारलं. दोघांनी आधी नाही म्हटलं, आणि सुटताना सायकल स्टँडपाशी येऊन हो म्हणाले. त्यांच्याही सह्या घेणार आहे. इथे कुणाच्या कारखान्यात चार-बारा, बारा-आठ, आठ-चार असा सरळ क्रम लावलेला असेल तर कृपया सांगा. सुट्टीची जुळणी कशी करता, बदलीचा माणूस कुठून आणता, हे मला अर्जात लिहायचंय. सोमवारी देतोय.