मदत हवी आहे: जुन्या अ‍ॅल्युमिनियम ट्रेलरची गळती
मंडळी, 1960 च्या दशकातला अ‍ॅल्युमिनियमचा प्रवासी ट्रेलर घरीच दुरुस्त करायला घेतलाय. खिडकीखालच्या प्लायवूडचा बोटाने भुगा होतोय! बाहेरून पाइपने पाणी मारलं, तर रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांच्या) एका ओळीतून थेंब आत. पूर्वी कुणीतरी तिथे सिलिकॉन थापलंय, वर निखळलेल्या रिव्हेटच्या जागी लोखंडी स्क्रू पिळलेत. त्यांच्याभोवती पत्र्याला पांढरी भुकटी सुटलीय. म्हणजे पत्रा गंजतोय; दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र आले की आणखी काय होणार? स्क्रू काढणार, हे नक्की. पण आतलं अस्तर न उतरवता बाहेरून पॉप रिव्हेट (एकाच बाजूने बसवता येणारे पोकळ रिव्हेट) मारले तर टिकतील का, की दोघांनी दोन बाजूंनी ठोकायचे भरीव रिव्हेटच हवेत? आणि जुनं सिलिकॉन पत्र्यावर ओरखडे न पाडता कसं काढता? पॉलिशचं नंतर बघू.